‘अनधिकृत’ : नियामक यंत्रणांची अधिमान्यता आणि पिंपरी-चिंचवड–चाकण परिसराचा अनुभव

लोकशाही राज्यव्यवस्थेत निवडून न आलेल्या संस्थांच्या अधिकाराला आधार कोणता, हा प्रश्न राज्यशास्त्रात जुनाच आहे. गेल्या दोन दशकांत लोकानुनयी राजकारणाचा जगभर प्रसार झाला आणि या प्रश्नाला नवी धार आली. त्यासंबंधीच्या विवेचनात एक कथानक आता जवळजवळ रूढ झाले आहे. तज्ज्ञता आणि निष्पक्षता यांच्या बळावर उभ्या असलेल्या संस्था आधी असतात. ‘जनते’च्या नावाने बोलणारा नेता मागाहून येतो आणि त्या संस्थांना जनतेचे शत्रू ठरवून खिळखिळे करतो. हंगेरी, तुर्कस्तान वा अमेरिका येथील घडामोडींना हे कथानक बऱ्याच अंशी लागू पडते. पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील बांधकाम-नियमनाचा इतिहास मात्र या क्रमाला छेद देणारा आहे. येथे नियामकाची पत लोकानुनयी राजकारणाने हिरावून घेण्यापूर्वीच नियामकाने स्वतः बरीचशी खर्च केली होती. राजकारणाने उरलेली विकत घेतली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या आधारे रूढ मांडणीचे परीक्षण केले आहे.

सैद्धांतिक भूमिका

मॅक्स वेबरने सांगितलेल्या अधिसत्तेच्या तीन प्रकारांपैकी विधिसंमत-विवेकनिष्ठ अधिसत्ता हा नियामक यंत्रणांचा मूळ आधार होय. नियम सर्वांना सारखा आणि तो राबविणारा अधिकारी व्यक्तिनिरपेक्ष, ही तिची अट. ज्यांदोमेनिको मायोने यांनी युरोपातील नियामक राज्याचे विवेचन करताना याला परिणामांची जोड दिली. निवडणुकीच्या चक्राबाहेर असलेल्या संस्था दीर्घकालीन हित अधिक विश्वासार्हपणे जपू शकतात, हा त्यांचा युक्तिवाद. पिएर रोझांव्हालाँ यांनी त्याही पुढे जाऊन निष्पक्षता, चिंतनशीलता आणि समीपता अशी अधिमान्यतेची तीन निवडणूकबाह्य रूपे मांडली. यांतील समीपता, म्हणजे नागरिकाच्या विशिष्ट परिस्थितीकडे यंत्रणेने लक्ष देणे, हा निकष भारतीय संदर्भात सर्वांत उपयुक्त ठरतो. आणि सर्वांत कमी चर्चिला जातो.

दुसऱ्या बाजूस कास मुड्डे यांनी लोकानुनयवादाची व्याख्या ‘शुद्ध जनता’ विरुद्ध ‘भ्रष्ट अभिजन’ या विभागणीच्या आधारे केली, तर यान-व्हेर्नर म्युलर यांनी खरी जनता कोण हे ठरविण्याच्या मक्तेदारीवर भर दिला. म्युलर यांचे निरीक्षण पुढे कुदळवाडीच्या संदर्भात उपयोगी पडेल. या दोन्ही मांडण्यांत नियामक हा बहुधा बळी म्हणून अवतरतो. त्याने बळी होण्यापूर्वी काय केले याची विचारपूस फारशी होत नाही.

पार्थ चटर्जी यांची ‘राजकीय समाज’ ही संकल्पना ही उणीव अंशतः भरून काढते. ‘द पॉलिटिक्स ऑफ द गव्हर्न्ड’ या २००४ मध्ये प्रकाशित ग्रंथात त्यांनी दाखविले की, भारतातील बहुसंख्य लोक हक्कधारक नागरिक म्हणून राज्याशी व्यवहार करीत नाहीत. कायद्याच्या काठावर जगणारे समूह म्हणून ते सवलती आणि अपवाद मिळवितात. या दृष्टीने पाहता पिंपरी-चिंचवडमधील अनधिकृत घरांचा प्रश्न हा राजकीय समाजाचा उत्तम नमुना वाटेल. परंतु येथे वाटाघाट करणारे सगळे झोपडीवासी नव्हते. त्यांत कायम नोकरीतील कामगार होते, चाळी बांधून भाड्याने देणारे मूळ जमीनमालक होते, तीन-चार मजली इमारती उभारणारे स्थानिक विकसकही होते. अपवाद एकाच नावाने मागितला गेला. त्याचा लाभ मात्र एकसारखा नव्हता. चटर्जी यांच्या मांडणीत ही विषमता पुरेशी उमटत नाही.

प्राधिकरण : संस्थेचे नाव, वसाहतीचे नाव

१९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत स्थापन झाली. १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी, चिंचवड व भोसरी परिसरात औद्योगिक क्षेत्र विकसित केले. टेल्को, बजाज ऑटो यांसारखे कारखाने आले आणि त्यांच्यासोबत मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र व पुढे उत्तर भारतातून कामगार आले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर पोहोचली होती.

या कामगारांना परवडणाऱ्या दरात घरासाठी भूखंड मिळावेत, या हेतूने १९७२ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना करण्यात आली. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित करून त्यांवर नियोजित पेठा विकसित करणे हे त्याचे काम. हेतू निःसंशय योग्य होता. निगडी परिसरातील रुंद रस्ते, उद्याने, आखीव भूखंड पाहिले म्हणजे नियोजनाचे सामर्थ्यही नाकारता येत नाही. तथापि संपादनासाठी निश्चित केलेल्या क्षेत्राचा मोठा भाग अविकसितच राहिला, आणि जे भूखंड तयार झाले ते उत्तरोत्तर निविदेच्या चढाओढीत कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले. आज पिंपरी-चिंचवडमध्ये ‘प्राधिकरणात राहतो’ असे कोणी म्हटले की, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संस्था येत नाही. निगडीतील सुस्थित मध्यमवर्गीयांची वसाहत येते. कामगारांसाठी स्थापन झालेल्या नियामक संस्थेचे नाव कामगाराला न परवडणाऱ्या वस्तीचे नाव व्हावे, यात तिच्या अधिमान्यतेची कहाणी बरीचशी सामावली आहे.

दुसरीकडे, १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांचा परतावा भूखंडाचा प्रश्न जवळजवळ अर्धशतक रेंगाळला. ज्यांची जमीन ताब्यात आली नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर आरक्षणाची वा संपादनाची टांगती तलवार राहिली. अशा शेतकऱ्याला रीतसर रेखांकन मंजूर करून भूखंड पाडता येत नव्हते, आणि दरवर्षी वाढणाऱ्या मागणीकडे पाहत शेती करणेही शक्य नव्हते. त्याने काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने गुंठ्याने जमीन विकली.

एका गुंठ्याचे अर्थशास्त्र

एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचे हस्तांतरण निषिद्ध होते. त्यामुळे असा व्यवहार दुय्यम निबंधकाकडे नोंदविण्यात अडचण. तो बहुधा नोटरीसमोरील करारावर होई. करारावर विसंबून घर बांधले जाई. भूखंडच कायदेशीर नसल्याने बांधकाम परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नसे. वीजजोड मिळे, नळजोड मिळे, मालमत्ता कराची आकारणीही होई. थेरगाव, वाल्हेकरवाडी, रहाटणी, काळेवाडी, भोसरी, तसेच १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या चिखली-तळवडे भागांत अशी घरे हजारोंनी उभी राहिली. महापालिकेच्याच नोंदींतून त्यांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेल्याचे स्पष्ट झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. राज्याचा एक हात ज्या घराला अस्तित्वच नाही असे म्हणत होता, त्याच घराकडून दुसरा हात कर वसूल करीत होता. अशा घराचा मालक नियामकाकडे निष्पक्ष पंच म्हणून पाहील, ही अपेक्षा वेबरच्या अनुयायांनीही करू नये. ज्या नियमाचे पालन करणे सामान्य वेतन असलेल्या माणसाला व्यवहारतः अशक्य आहे, त्या नियमाच्या भंगास शिक्षा करण्याचा यंत्रणेचा कायदेशीर अधिकार अबाधित असतो; तिची नैतिक पत मात्र तितकीशी अबाधित राहत नाही. नियमनाच्या अभ्यासात अंमलबजावणीची चर्चा विपुल आढळते. पालनाच्या शक्यतेची चर्चा त्या मानाने फार कमी.

२०१७ मध्ये स्थावर संपदा नियमनासाठी महारेरा अस्तित्वात आले. मायोने यांच्या कल्पनेतील स्वायत्त, तज्ज्ञ नियामकाच्या सर्वांत जवळ जाणारी ही राज्यस्तरीय संस्था. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला तिच्याकडे नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे जो ग्राहक आधीच औपचारिक बाजारात आहे त्याला आधुनिक नियामकाचे संरक्षण, आणि गुंठ्यावर घर घेणाऱ्याला नोटरीचा शिक्का. ही कायद्यातील चूक नव्हे. लहान व्यवहारांना जाचातून वगळण्याचा तो सद्हेतू आहे. परिणाम मात्र उलटा झाला.

शास्तीकर : दंड, कर आणि माफी

या पार्श्वभूमीवर महापालिका अधिनियमातील कलम २६७-अ कडे पाहिले पाहिजे. या कलमान्वये २००८ पासूनच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद झाली. बोलीभाषेत ती ‘शास्तीकर’ झाली. शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही, हेही कलमात स्पष्ट होते. म्हणजे दंड दरवर्षी, आणि दंड भरूनही गुन्हा कायम. दंडाचे एक सामान्य तत्त्व असे की, तो भरल्यावर अपराध्याचा हिशेब चुकता व्हावा. येथे तो चुकता होण्याची सोयच नव्हती. परिणामी अनेकांनी शास्तीच नव्हे, मूळ करही भरणे थांबविले. थकबाकी वर्षानुवर्षे फुगत गेली आणि तिच्याबरोबर एक मतदारसंघही तयार होत गेला.

मे २०१२ मध्ये श्रीकर परदेशी महापालिका आयुक्त म्हणून आले. उच्च न्यायालयातील जनहित याचिकेवरील आदेशांचा आधार घेऊन त्यांनी अनधिकृत बांधकामांविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा पैलू तितकाच महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सारथी’ या मदतवाहिनीमुळे महापालिकेची कोणती सेवा, कोणत्या कागदपत्रांवर, किती दिवसांत मिळते ही माहिती सामान्य नागरिकास दूरध्वनीवर मिळू लागली. रोझांव्हालाँ यांची समीपता म्हणतात ती हीच. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांची बदली झाली. २००५ च्या बदली अधिनियमातील तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी पूर्ण होण्यास बराच अवकाश होता. बदलीविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले, तर ज्यांची घरे धोक्यात होती त्यांना हायसे वाटले.

या प्रसंगाचे वर्णन ‘प्रामाणिक अधिकारी विरुद्ध मतांचे राजकारण’ असे करण्याची प्रथा आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण या वर्णनात एक गफलत होते. रस्त्यावर उतरलेले नागरिक ही जनता, आणि सुटकेचा निःश्वास टाकणारे नागरिक ही मतपेढी, असा भेद त्यात गृहीत असतो. दोन्ही बाजूंना माणसेच होती. दोन्हींची घरे याच शहरात होती. लोकानुनयी नेता खऱ्या जनतेची मक्तेदारी सांगतो हा म्युलर यांचा आक्षेप योग्य आहे. तशी मक्तेदारी सुशासनाचे समर्थकही नकळत सांगतात, ही त्याची दुसरी बाजू.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. सीताराम कुंटे यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली. नियमितीकरणाचे राज्याचे धोरण २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्वीकारले नाही. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी नियमितीकरणाचा मार्ग काढण्यात आला. शहरातून त्याला प्रतिसाद अल्प मिळाला. ज्याच्याकडे नोंदणीकृत खरेदीखतच नाही, त्याने नियमितीकरणाचा अर्ज कोणत्या कागदावर करावा? जे शुल्क आकारले जाणार होते ते मोठ्या इमारतीच्या मालकास झेपणारे, अर्ध्या गुंठ्यावरील घरमालकास न झेपणारे. शिवाय ‘आपोआप’ काहीतरी होईल ही आशा होतीच, आणि ती निराधार नव्हती. शास्ती प्रथम ६०० चौरस फुटांपर्यंतच्या, नंतर १००० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी बांधकामांना माफ झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संपूर्ण माफीची घोषणा झाली व मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. मूळ कराची थकबाकी भरणे ही माफीची अट होती. आणि माफी म्हणजे नियमितीकरण नव्हे, हे जुने वाक्यही कायम राहिले.

या माफीवर दोन प्रकारची टीका झाली. महसूल बुडाला, ही पहिली. ती फारशी गंभीर नाही, कारण वसूल न होणारी थकबाकी हा महसूल नसतोच, आणि अटीमुळे मूळ कराची वसुली उलट सुकर झाली. दुसरी टीका अधिक खोल आहे. ज्याने कर्ज काढून शास्ती भरली तो मूर्ख ठरला. ज्याने परवानगी घेऊन, अंतर सोडून, एक मजला कमी बांधून घर उभारले तो त्याहून मूर्ख ठरला. नियामकाची अधिमान्यता शेवटी नियम पाळणाऱ्याच्या मनात वसते, मोडणाऱ्याच्या नव्हे. माफीने नेमके तेथे नुकसान केले. मागील दाराने आलेल्याला बसायला पाट देऊन पुढच्या दाराने आलेल्याला उभे ठेवण्याचा हा प्रकार, आणि तरीही पाटावर बसलेल्याचे घर कागदोपत्री अनधिकृतच. लोकानुनयी निर्णयाचे हे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे: तो हक्क देत नाही, ऋणी करून ठेवतो. नियमित झालेल्या घराचा मालक पुढील निवडणुकीत स्वतंत्र असतो. केवळ माफी मिळालेल्या घराचा मालक तसा नसतो.

एक शब्द, अनेक अपराध

या सर्व चर्चेत सर्वाधिक हानी केली असेल तर ती ‘अनधिकृत’ या एका शब्दाने. तुकडेबंदीमुळे खरेदीखत न झालेले घर अनधिकृत. मंजुरीपेक्षा दोन मजले अधिक चढविलेली इमारत अनधिकृत. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेला बंगलाही अनधिकृत. देहूरोड दारूगोळा कोठाराभोवतालच्या २००० यार्डांच्या संरक्षित पट्ट्यातील घर अनधिकृत, आणि ज्वालाग्राही माल साठविलेली, एकच दरवाजा असलेली शेडही अनधिकृत. यांपैकी पहिल्या प्रकारात कोणाचेही नुकसान नाही. कागद नाही इतकेच. अखेरच्या तीन प्रकारांत जीव जाऊ शकतो, आणि गेलेले आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाजीसदृश मेणबत्त्या बनविणाऱ्या परवाना नसलेल्या कारखान्यात आग लागून अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. ‘अनधिकृत’ शब्दाच्या याच विस्तीर्ण छत्राखाली तो कारखानाही चालला होता.

लोकानुनयी राजकारण या सर्वांना एकाच ‘गरिबांच्या घरां’च्या सदरात घालून माफी मागते, हा दोष त्याच्या माथी मारला जातो. पण हे सदर त्याने निर्माण केलेले नाही; यंत्रणेने आपल्या नोटिशींतून, सर्वेक्षणांतून, न्यायालयापुढील आकडेवारीतून आधीच तयार करून दिले होते. साठ हजारांचा आकडा सांगणाऱ्या यादीत किती घरे धोकादायक आणि किती केवळ कागदाविना, याची फोड सार्वजनिक चर्चेत कधी ठसठशीतपणे आली नाही. ज्या नियमांना माफी देता येते आणि ज्यांना कदापि देता येत नाही, यांतील सीमारेषा आखणे हे नियामकाचे पहिले तज्ज्ञकार्य होय. ते त्याने केले नाही, म्हणून ते सभेच्या व्यासपीठावर झाले.

२०२५ मधील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडी भागातील भंगार गोदामे, लघुउद्योगांच्या शेड यांवर महापालिकेने काही दिवस सलग कारवाई करून चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त केली. मे महिन्यात चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. बंगल्यांबाबत राष्ट्रीय हरित लवादाचा २०२४ चा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता, रहिवाशांना आपली बाजू मांडण्यास अवधी मिळाला होता. निकाल कठोर होता, पण कारण नेमके होते: नदीच्या पुराचे पात्र. ज्यांनी विकसकावर विसंबून पैसे गुंतविले त्यांचे दुःख खरे; आणि बांधकाम उभे राहत असताना यंत्रणा काय करीत होती हा त्यांचा प्रश्नही खरा. तरीही नियम का, याचे उत्तर एका वाक्यात देता येत होते.

कुदळवाडीबाबत असे एका वाक्यात उत्तर नव्हते. वारंवार लागणाऱ्या आगी, जळणाऱ्या कचऱ्याचा धूर, नदीत जाणारे सांडपाणी ही कारणे खोटी नव्हती. आसपासच्या सोसायट्यांतील रहिवाशांनी ती वर्षानुवर्षे मांडली होती. पण त्याच वेळी काही राजकीय वक्तव्यांतून परप्रांतीय, घुसखोर ही भाषाही कारवाईला चिकटली. कोणते बांधकाम आगीसाठी, कोणते रस्त्याच्या आरक्षणासाठी आणि कोणते केवळ परवानगीअभावी पडले, हे पुन्हा एकाच शब्दात बुडाले. म्युलर यांचे निरीक्षण येथे लागू पडते. लोकानुनयी राजकारण नेहमीच नियामकाच्या विरोधात असते हा समज अपुरा आहे. ‘आपल्या’ माणसांना माफी आणि ‘परक्या’ माणसांना नियम, अशी विभागणी करता येत असेल तर नियामक त्याला प्रियही असतो. थेरगावच्या घराला आणि कुदळवाडीच्या शेडला लावलेला विशेषण-शब्द एकच होता, वागणूक एक नव्हती. निष्पक्षतेच्या कसोटीवर ही बाब महापालिकेला अडचणीची आहे.

या दोन्ही कारवायांच्या वेळी महापालिकेत निवडून आलेले सभागृह अस्तित्वात नव्हते, ही गोष्टही विसरता येत नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. रूढ सिद्धांतानुसार हा नियामकाचा सुवर्णकाळ ठरावयास हवा होता: नगरसेवकाचा दूरध्वनी नाही, मतांचा हिशेब नाही. प्रत्यक्षात लोकप्रतिनिधी दूर झाले म्हणून राजकारण दूर झाले नाही; ते केवळ प्रभागातून मंत्रालयात गेले. शास्तीमाफीचा अंतिम निर्णय याच काळातला आहे, हे पुरेसे बोलके आहे.

चाकणचा मामला

पिंपरी-चिंचवडमध्ये निदान कोणाकडे बोट दाखवावे हे ठाऊक असते. चाकणमध्ये तेही नाही. १९९० च्या दशकाअखेरीस बजाज ऑटो, २००९ मध्ये फोक्सवॅगन, त्यानंतर महिंद्र असे मोठे वाहन कारखाने येथे आले. औद्योगिक महामंडळाच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार महामंडळाचा. हद्दीच्या काटेरी तारेपलीकडे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी यांसारख्या ग्रामपंचायती. त्यांच्यावर २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. चाकण शहरापुरती नगरपरिषद. महामार्ग आणखी वेगळ्या यंत्रणेचा. कामगारांसाठीच्या खोल्या, गोदामे, ट्रकतळ, खानावळी हे सारे तारेपलीकडे वाढले. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीलाच लोक परवानगी समजत आले. महानगर प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, वाद न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. पाच दशकांपूर्वी निगडी-चिखलीत जे घडले त्याची पुनरावृत्ती येथे डोळ्यांदेखत घडत आहे. कारखाने आधी, आराखडा नंतर, आणि दोहोंच्या मधल्या काळात गुंठा. जून २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर प्राधिकरण विसर्जित करून याच महानगर प्राधिकरणात विलीन करण्यात आले, तेव्हा शेतकऱ्यांच्या परताव्यासह जुनी देणीही त्याच्या पदरी आली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थिती वेगळी नाही, एवढेच येथे नोंदविणे पुरे. आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तेव्हा वारकरी महापालिकेला दोष देतो, महापालिका कारखान्यांकडे व नदीकाठच्या ग्रामपंचायतींकडे बोट दाखविते. मंडळाचे अस्तित्व बहुसंख्य भाविकांना ठाऊकही नसते. अदृश्य नियामकावर लोकानुनयी हल्ला होत नाही, परंतु त्याला अधिमान्यता आहे असाही याचा अर्थ नव्हे.

पालनसुलभता आणि तिच्या मर्यादा

दुरुस्तीचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही, आणि जे झाले ते राजकीय भाषणांपेक्षा अधिक लक्ष देण्याजोगे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी परवानगीची प्रक्रिया जवळजवळ सूचना देण्याइतकी सोपी करण्यात आली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला कालमर्यादा घातली. २०२१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली, आणि २०२५ मध्ये नागरी क्षेत्रापुरती तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊल शासनाने उचलले. या निर्णयांनाही लोकानुनयी म्हणता येईल. मतांचा विचार त्यांतही होता. फरक इतकाच की, माफी नियम मोडल्यानंतर येते आणि हे बदल नियम पाळणे शक्य करतात. एक गुंठा घेणाऱ्यास नोंदणीकृत खरेदीखत आणि पंधरवड्यात परवानगी मिळू लागली, तर निळ्या रेषेत बांधणाऱ्याला त्याच्या आड लपता येणार नाही.

अर्थात या आशेलाही मर्यादा आहेत. प्रत्येक शिथिलीकरणाची एक तारीख असते, आणि तारीख पुढे सरकू शकते हे लोकांनी अनुभवाने ओळखले आहे: २०१२, २०१५, २०२०, आणि पुढे. नियामकाने कितीही समीपता दाखविली तरी तारीख सरकविण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही. दुसरे असे की, एक-एक गुंठा नियमित झाला तरी त्यांच्यामधला सहा फुटांचा रस्ता नियमित होऊन बारा फुटांचा होत नाही. अग्निशमन वाहनाला लागणारी जागा खरेदीखताने निर्माण होत नाही. येथे नियोजनकारांचे जुने म्हणणे बरोबर आहे, आणि लोकानुनयी वा लोकविरोधी कोणत्याच भाषेत त्याला सोपे उत्तर नाही.

हा रस्त्याचा प्रश्नच आता शहरापुढे आहे. मे २०२५ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. अनेक दाट वस्त्यांवर रस्त्यांची व अन्य आरक्षणे पडली, आणि ज्यांची शास्ती दोन वर्षांपूर्वी माफ झाली होती अशा कित्येक घरांवर नवी रेघ आली. नकाशावरील आपल्या घराचा ठिपका शोधण्यासाठी लोकांनी गर्दी केली. हरकती हजारोंनी दाखल झाल्या. त्या दाखल करण्याची मुदत जुलै २०२५ मध्ये, सभागृह अस्तित्वात नसतानाच संपली. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना आपल्या मतदारांनी आधीच लिहून दिलेल्या त्या अर्जांचे काय करावयाचे, हे ठरवावे लागणार आहे.